मंगळूर विमान अपघात, २२ मे २०१०: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२ क्रमांकाचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं आणि १५८ माणसं गेली. इतकी वर्षं झाली तरी या अपघाताचा विषय निघाला की "पायलट झोपला होता" एवढं बोलून लोक मोकळे होतात. ते खरं आहे. पण तिथेच थांबलं की त्याच कॉकपिटमध्ये शेजारच्या खुर्चीत बसलेल्या, जाग्या माणसाचा सगळ्यांना विसर पडतो. त्याने धोका ओळखला होता आणि तो बोललाही होता. मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर.

त्या सकाळी नेमकं काय घडलं?

विमान बोइंग ७३७-८०० होतं. १६० प्रवासी आणि ६ कर्मचारी, असे एकूण १६६ जण. आदल्या रात्री साडेनऊनंतर हेच कर्मचारी मंगळूरहून दुबईला गेले होते. तिथे सव्वा तासाच्या आसपास थांबून, भारतीय वेळेप्रमाणे रात्री अडीचच्या सुमारास ते परत निघाले. सकाळी सहाच्या ठोक्याला मंगळूर. हवा स्वच्छ, वारा जवळपास नाही, दृश्यता ६ किलोमीटर. पाऊस अजून यायचा होता.

विमान जेवढ्या उंचीवर असायला हवं होतं त्याच्या कितीतरी वर होतं. धावपट्टीच्या टोकावरून जाताना ते ५० फुटांवर असावं लागतं, ते सुमारे २०० फुटांवर होतं. वेग १४४ नॉट हवा होता, तो १६०च्या वर होता. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाकं पहिल्यांदा टेकली ती साधारण ४,५०० फुटांवर. विमान उसळलं आणि नीट बसलं ते ५,२०० फुटांवर. उरली फक्त २,८०० फूट.

कॅप्टननी रिव्हर्स थ्रस्ट लावला, म्हणजे इंजिनांचा जोर उलटा फिरवून वेग कमी करायला घेतला. आणि लगेच विचार बदलून पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. रिव्हर्स थ्रस्ट एकदा लावला की विमान थांबवायचंच, हा बोइंगचा पक्का नियम आहे. विमान ना थांबलं, ना उडालं. पुढचा वाळूचा पट्टा पार करून उजवा पंख लोकलायझरच्या, म्हणजे विमानाला धावपट्टीची मधली रेषा दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, अँटेनाच्या काँक्रीट चौथऱ्यावर आदळला आणि विमान दरीत गेलं. तेव्हा ६ वाजून ५ मिनिटं झाली होती.

कॅप्टन खरंच झोपले होते का?

हो. कॉकपिटमधलं बोलणं टिपणाऱ्या यंत्रात शेवटची २ तास ५ मिनिटं सापडली. त्यातली १ तास ४० मिनिटं कॅप्टन झोपेत होते. जड श्वास आणि घोरणं ध्वनिमुद्रणात ऐकू येतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. उतरताना ते झोपलेले नव्हते. उतरण्याआधी जागे झाले होते आणि विमान तेच चालवत होते. प्रश्न गाढ झोपेतून उठल्यानंतरच्या वेळेचा आहे. दुपारी तासभर गाढ झोपून कुणी अचानक उठवलं तर आपण काही मिनिटं भांबावलेले असतो, बोललेलं कळतं पण डोक्यात उतरत नाही. या सुस्तीला चौकशी अहवालाने 'स्लीप इनर्शिया' म्हटलं आहे. त्यात पहाटेची वेळ. रात्री दोन ते सकाळी सहा या काळात माणसाचं शरीर सगळ्यात मंद चालतं. उड्डाणाआधी त्यांना पुरेशी विश्रांती मिळालेली होती, असंही अहवाल नमूद करतो.

विमान इतक्या उंचावर राहिलंच कसं?

मंगळूरचं रडार २० मे पासून, म्हणजे दोन दिवस, बंद होतं. त्यामुळे विमानं एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवण्यासाठी कंट्रोलला जुन्या पद्धतीने काम करावं लागत होतं. या विमानाने खाली येण्याची परवानगी मागितली, ती लगेच मिळाली नाही. नेहमीपेक्षा बरंच जवळ आल्यावर, विमानतळ ७७ सागरी मैलांवर असताना, ३७,००० फुटांवरून उतरायला सुरुवात झाली.

घाटात मोठं वळण चुकवून सरळ खाली उतरायला गेलं तर गाडी सुटते, तसंच इथे होतं. अंतर कमी आणि उंची जास्त, म्हणजे उतार तीव्र, आणि तीव्र उतारावर वेग आवरत नाही. कॅप्टननी स्पीडब्रेक, म्हणजे हवा अडवून वेग कमी करणाऱ्या पंखांवरच्या फळ्या, वर काढले, सुमारे ८,५०० फुटांवरच चाकंही खाली सोडली, तरी हिशेब जमेना. धावपट्टी अडीच मैलांवर आली तेव्हा विमान अजून २,५०० फुटांवर होतं. मग ते मिनिटाला जवळजवळ ४,००० फूट या वेगाने खाली आलं. अशा वेळी जमिनीजवळ याच्या पाव वेगाने उतरणं ठीक मानतात.

मग दोष कंट्रोल टॉवरचा नाही का?

रडार चालू असतं तर विमान आधी खाली आलं असतं, हे खरं, आणि अहवालाने ते साहाय्यक कारणांत धरलं आहे. पण रडार बंद असल्याची सूचना वैमानिकांना होती. उशिरा उतरायला मिळालं तर हवेत एक फेरा मारून उंची कमी करता येते. इंधन होतं, हवा चांगली होती, मागे कुणी नव्हतं. आणि फेरा न मारताही अगदी शेवटपर्यंत एक वाट मोकळी होती.

ती वाट म्हणजे गो-अराउंड?

होय. उतरणं सोडून द्यायचं, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं, वळसा घालून पुन्हा यायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. वैमानिक ते सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा घोटतात.

सहवैमानिकाने तीनदा सांगितलं म्हणतात, ते काय?

कॅप्टन होते सर्बियाचे झ्लाट्को ग्लुशित्सा, १०,००० तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव असलेले. शेजारी फर्स्ट ऑफिसर हरबिंदरसिंग अहलुवालिया. मंगळूरला कॅप्टन याआधी १६ वेळा उतरले होते. अहलुवालिया ६६ वेळा. हा आकडा मी कधीच विसरू शकत नाही. त्या धावपट्टीची खोड जास्त ओळखणारा माणूस उजव्या खुर्चीत होता.

अडीच मैलांवर ऑटोपायलट सुटला आणि समोर धावपट्टी पार खाली दिसली. अहलुवालियांनी आपण फार उंच असल्याचं सांगितलं. मग गो-अराउंड करायचं का, असं विचारलं. पुढे विचारणं संपलं आणि सांगणं सुरू झालं: गो-अराउंड, कॅप्टन. 'अनस्टेबलाइज्ड' हा शब्दही त्यांनी उच्चारला. हा शब्द कॉकपिटमध्ये सहज म्हणून कुणी बोलत नाही. वेग, उंची, उतार यांपैकी काहीच जागेवर नाही, उतरू नका, असा त्याचा रोकडा अर्थ. दरम्यान जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र 'सिंक रेट' (फार वेगाने खाली जाताय) आणि 'पुल अप' (वर घ्या) असं ओरडत होतं, एकदा नव्हे, वारंवार.

यातच टॉवरने विचारलं, विमान मार्गावर स्थिर झालं का? उत्तर देण्याचं काम अहलुवालियांचं होतं. कॅप्टननी त्यांना होकार द्यायला जोर देऊन सांगितलं, त्यांनी तो दिला आणि उतरण्याची परवानगी मिळाली. स्वतः 'उतरू नका' म्हणणाऱ्या माणसाला टॉवरला 'सगळं ठीक' असं कळवावं लागलं. संपूर्ण अहवालातली ही जागा माझ्याने सलग वाचवत नाही.

चाकं टेकल्यावर ते पुन्हा बोलले. धावपट्टी उरलेली नाही, असं त्यांचं शेवटचं वाक्य आहे.

मग त्यांनी स्वतः विमान का वर नेलं नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बरेचदा राग असतो. मला तो राग त्यांच्यावर काढावासा वाटत नाही.

एक म्हणजे, सहवैमानिकाने कधी आणि कसे कंट्रोल हातात घ्यावेत याबद्दलच्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, हे अहवालानेच म्हटलं आहे. शिवाय मंगळूरसारख्या अवघड विमानतळावर विमान कॅप्टननेच उतरवायचं, असा नियम होता. म्हणजे जिथे दुसऱ्या हाताची सगळ्यात जास्त गरज, तिथेच तो हात नियमाने बाजूला ठेवलेला. आता त्या खुर्चीत बसून बघा. जमीन काही सेकंदांवर आली आहे. वरिष्ठ माणूस दांडी घट्ट धरून खाली नेतो आहे. तुम्ही उलट्या दिशेने खेचली तर दोघांच्या ओढाताणीत विमान तिथेच पडू शकतं. आणि खेचून सगळे सुखरूप राहिले तर उद्या चौकशी तुमची.

दुसरं कारण नियमांच्या पुस्तकात सापडणार नाही, ते आपल्या अंगात मुरलेलं आहे. मोठ्यांच्या पुढे बोलू नये, साहेबांना शहाणपण शिकवू नये, हे आपण घरात, शाळेत, कचेरीत शिकतो. ऑपरेशन थिएटरमधली नर्स, साइटवरचा ज्युनिअर इंजिनिअर, सगळ्यांना हा क्षण ठाऊक आहे: दिसतंय, सांगितलंय, समोरचा ऐकत नाही, आता काय? विमान वाहतुकीत हे दुखणं जगभर आहे. १९७७ साली टेनेरिफला दोन जंबो जेट धावपट्टीवर धडकून ५८३ माणसं गेली, तिथेही कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती आणि ती उडवून लावली गेली. त्यानंतरच वैमानिकांना एकमेकांशी कसं बोलावं हे शिकवायला सुरुवात झाली. मंगळूरच्या कॉकपिटमध्ये ते अर्धंच पोचलं होतं. खालचा बोलायला शिकला होता, वरचा ऐकत नव्हता.

टेबलटॉप धावपट्टी म्हणजे काय? ती आखूड होती का?

कोकणातला सडा डोळ्यांसमोर आणा. वर सपाट जांभा आणि कडेला पाऊल चुकलं की थेट खाली. मंगळूरचा विमानतळ जिथे आहे ती बज्पेची टेकडी तशीच आहे, फक्त वर धावपट्टी आहे. मी तिथे एकदा दिवसाउजेडी खिडकीजवळ बसून उतरलो आहे. खाली नारळी, मग लाल मातीचा उभा कापलेला कडा, आणि त्याच क्षणी चाकाखाली डांबर. मधे मैदान असं काही नाहीच.

आखूड मात्र नव्हती. २,४५० मीटर म्हणजे या विमानाला पुरेशी. इतक्या पुढे टेकल्यावरसुद्धा ताबडतोब पूर्ण ब्रेक लावले असते आणि रिव्हर्स थ्रस्ट काढून घेतला नसता, तर विमान धावपट्टीवर थांबू शकलं असतं, असं नंतरच्या हिशेबातून दिसलं. शेवटच्या सेकंदांतही सुटका होती, हे मला झोपेच्या गोष्टीपेक्षा जास्त टोचतं.

धावपट्टीपलीकडचं सुरक्षा क्षेत्र ९० मीटर, म्हणजे किमान नियमापुरतं. घसरलेलं विमान रुतून थांबावं म्हणून केलेल्या वाळूच्या पट्ट्याची निगा नीट राखलेली नव्हती. अँटेनाचा चौथरा धडकेत मोडून पडावा असा हवा होता, तो होता पक्क्या काँक्रीटचा. धावपट्टीबाहेर दरीकडे जाणारे रस्ते अरुंद आणि वळणाचे, अग्निशमन गाड्यांना तिथे पोचणंच कठीण गेलं.

कितीजण वाचले?

आठ. विमान तुटलं तिथे पडलेल्या भेगेतून ते बाहेर पडले, दारांतून नाही. आग लगेच भडकली. सर्वांत आधी धावून आले ते आसपासचे गावकरी.

चौकशी कुणी केली आणि निष्कर्ष काय?

सरकारने ३ जून २०१० रोजी चौकशी न्यायालय नेमलं. अध्यक्ष होते एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख. हे पुण्याचं नाव अनेक वाचकांच्या ओळखीचं असेल. मंगळूरमध्ये जाहीर सुनावण्या झाल्या आणि ऑक्टोबरअखेर अहवाल सादर झाला. थेट कारण असं दिलं आहे: स्थिर नसलेलं अवतरण कॅप्टननी सोडून दिलं नाही आणि सहवैमानिकाच्या तीन सूचना व यंत्राचे अनेक इशारे मिळूनही ते उतरतच राहिले. झोप, रडार आणि सूचनांमधली संदिग्धता ही साहाय्यक कारणं.

'वैमानिकाची चूक' म्हटलं की बाकीचे सुटतात, नाही का?

तसं वाचलं तर सुटतात, आणि म्हणून तसं वाचू नये. चूक वैमानिकाची होती, त्यात मला शंका नाही. पण याच अहवालाने शिफारशी केल्या त्या एका माणसापुरत्या नाहीत: रात्रीच्या ड्यूटीचे आणि विश्रांतीचे नियम, कॉकपिटमध्ये आळीपाळीने थोडी झोप घेण्याची ठरवून दिलेली पद्धत, धावपट्टीपलीकडे विमान रुतवून थांबवणारी व्यवस्था, मोडणारे चौथरे, सहवैमानिकाचे स्पष्ट अधिकार, अपघात तपासणारी स्वतंत्र संस्था. २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्युरो सुरू झाला.

नंतर असं पुन्हा घडलं का?

घडलं, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. ७ ऑगस्ट २०२०, कोळिकोडे. तीच कंपनी, तसंच ७३७-८००, पुन्हा दुबईहूनच आलेलं आणि पुन्हा टेबलटॉप धावपट्टी. कोविडच्या काळात वंदे भारत मोहिमेतून माणसं घरी आणणारं हे विमान भर पावसात पाठीमागून वारा असताना उतरलं, जवळजवळ निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकलं आणि पुढे खाली कोसळून त्याचे तुकडे झाले. १९० पैकी २१ जण गेले, दोन्ही वैमानिकांसह.

कॅप्टन होते दीपक साठे. खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले, हवाई दलात नाव कमावलेले, पुढे चाचणी वैमानिक. त्या आठवड्यात महाराष्ट्रात घरोघरी त्यांचा फोटो पोचला होता आणि लोक खरोखर रडले होते. त्यांच्याबद्दल पुढचं वाक्य लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवं. त्या अहवालातही हेच आहे: अवतरण स्थिर नव्हतं, सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं, कॅप्टन उतरत राहिले, आणि सहवैमानिकाने कंट्रोल हातात घेतले नाहीत. कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांच्याच नावावर होतं आणि तिथे कॅप्टनांची चणचण होती, त्यामुळे उतरायचंच असं मनाने घेतलं असावं, असं तपासात आलं. उत्तम माणसाकडूनही हे होतं. शेजारच्याचा आवाज म्हणूनच लागतो.

आपलं विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं तर घाबरावं का?

अजिबात नाही. इंजिनांचा आवाज एकदम वाढतो, पाठ खुर्चीला चिकटते, पोटात गोळा येतो, ते सगळं ठीक आहे. उशीर झाला म्हणून उतरताना वैमानिकावर चिडलेले प्रवासी मी पाहिले आहेत. मी अशा वेळी दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांना थांबून धन्यवाद म्हणतो.

नुकसानभरपाई मिळाली का?

विमान कंपनीने तातडीची मदत म्हणून १२ वर्षांवरच्या मृतांमागे १० लाख रुपये जाहीर केले. पुढे माँट्रिअल कराराचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईच्या कराराचा, मुद्दा आला. भारत त्यात २००९ मध्येच सामील झाला होता. कुटुंबांना किमान किती रक्कम मिळावी यावर केरळ उच्च न्यायालयात वाद चालला. एका कुटुंबाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०२० मध्ये त्यांना ७.६४ कोटी रुपये मंजूर झाले. दहा वर्षं लागली.

स्मारक कुठे आहे?

मंगळूरजवळ कुळूरला, गुरुपुर नदीच्या काठी. ओळख न पटलेल्या मृतांचं दफन त्याच भागात झालं. दर वर्षी २२ मे रोजी नातेवाईक आणि जिल्हा प्रशासनाची माणसं तिथे फुलं वाहतात. गेलात तर सकाळी लवकर जा. बज्पेकडे उतरणारी विमानं तिथून दिसतात.